'शुगर फ्री': एका शब्दामागचा गुंता

नागपुरात 'शुगरची गोळी घेतली का?' असं कुणी विचारलं, तर आधी खुलासा करून घ्यावा लागतो. जेवणाआधीची की चहातली? पहिली गोळी रक्तातली साखर उतरवते. दुसरी नुसती जिभेला गोड लागते. मधुमेहालाच 'शुगर' म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस चहात टाकायच्या गोळ्यांची जी डबी औषधांच्या दुकानात आली, तिचं नावच 'शुगर फ्री' होतं. साखर नसलेला पदार्थ, एक विशिष्ट डबी आणि शुगरच्या पेशंटला चालणारी वस्तू, असे तीन अर्थ तेव्हापासून एकाच शब्दात कोंबले गेले. घरोघरी होणाऱ्या गैरसमजाचं मूळ मला इथेच दिसतं.

कायद्याच्या लेखी या शब्दाचा अर्थ अगदी काटेकोर आहे. 2018च्या नियमांनुसार 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरमागे साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तरच पाकिटावर 'शुगर फ्री' छापता येतं. वरून साखर घातली नाही, एवढंच सांगायचं असेल तर त्यासाठी वेगळा दावा आणि वेगळ्या अटी आहेत. आता हे माप मिठाईला लावून बघा. दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज, साधारण पावणेपाच टक्के. दूध आटवून खवा केला की तिचं प्रमाण कितीतरी वाढतं. म्हणजे खव्याच्या बर्फीत सुक्रालोज ही कृत्रिम गोडी घातली, साखरेचा एक दाणाही घातला नाही, तरी ती 'शुगर फ्री' ठरू शकत नाही. संत्रा बर्फीत तर फळाच्या गराची साखर आणखी वेगळी. खजूर-अंजिराच्या बर्फीला साखर लागत नाही, कारण खजूर हाच मुळात साखरेचा साठा. 'शुगर फ्री' बिस्किटाचं दुखणं निराळं. मैद्यातला स्टार्च 'साखर' या मोजणीत धरला जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. काही चॉकलेटांत साखरेऐवजी माल्टिटॉल हा गोड पदार्थ असतो. तो साखरेपेक्षा सौम्य असला तरी त्यात उष्मांक असतात आणि रक्तातली साखरही त्याने थोडी वाढते. दिवाळीत शुगर असलेल्या वडीलधाऱ्यांना 'घ्या ना, शुगर फ्री आहे' म्हणत दोन तुकडे जास्त दिले जातात. देणाऱ्याच्या मनात माया असते, पण मायेने दिलेला तुकडाही रक्तात उतरतोच.

'शुगर फ्री'च्या डबीआधीचा इतिहास सॅकरीन या कृत्रिम गोडीचा. 1879 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत, कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम चालू असताना ते सापडलं. युद्धकाळात साखर महागली, तसा त्याचा खप वाढला. आपल्याकडे ते शुगरच्या पेशंटपेक्षा सुपारीतून अधिक पोटात गेलं असावं. नागपूरची मस्कासाथ सुपारीच्या ठोक व्यापाराची जुनी जागा, आणि जेवणानंतर मिठी सुपारी चघळणं ही इथली रीत. देशाच्या नियमांत सुपारीत किलोमागे 4 ग्रॅम आणि पान मसाल्यात 8 ग्रॅमपर्यंत सॅकरीन चालत आलं, तर सोड्याच्या पेयांत फक्त 0.1 ग्रॅम. पेय ग्लासभर पितात आणि सुपारी चिमूटभर खातात, हा युक्तिवाद समजतो. पण दिवसभर तोंडात सुपारी ठेवणाऱ्याची चिमूट किती मोठी होते, हा प्रश्न उरतोच. 2012 मध्ये राज्यात गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी आली तेव्हा चर्चा तोंडाच्या कर्करोगाची झाली, आणि ती योग्यच होती. त्या गोडीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

जगभरातही कर्करोगानेच बराच काळ या विषयावर कब्जा केला होता. 1977 मध्ये उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठींमुळे सॅकरीन अडचणीत आलं. ती प्रक्रिया उंदरांच्याच शरीरातली आहे, असं पुढे दिसल्यावर 2000 मध्ये अमेरिकेतल्या पाकिटांवरची धोक्याची सूचना निघाली. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ॲस्पार्टेम ही आणखी एक कृत्रिम गोडी 'कर्करोगजन्य असण्याची शक्यता' असलेल्या गटात गेली, मात्र शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम ही मर्यादा तशीच ठेवण्यात आली. त्या बातमीच्या गदारोळात दोन महिने आधीचा, आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा सल्ला झाकला गेला.

मे 2023 मधला जागतिक आरोग्य संघटनेचा तो सल्ला असा होता की वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडी देणारे पदार्थ वापरू नयेत. थोड्या मुदतीच्या प्रयोगांत वजन किंचित उतरलेलं दिसलं. पण वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीत हे पदार्थ घेणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. आधीच वजन वाढलेली माणसंच अशा गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वेगळं काढणं अवघड. म्हणून सल्ल्याला 'सशर्त' म्हटलं गेलं, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यातून वगळलं गेलं. ज्या शुगरच्या पेशंटसाठी ही डबी आपल्या घरात आली, त्याच्याबद्दल त्या सल्ल्यात काहीच नाही.

चयापचयाचे धागेही अलीकडचेच. 2014 मध्ये सॅकरीन दिलेल्या उंदरांच्या आतड्यांतले जिवाणू बदलले आणि ग्लुकोज पचवण्याची क्षमता घटली. त्याच वेळी 7 माणसांवर छोटा प्रयोग झाला, त्यांपैकी 4 जणांत तसाच परिणाम दिसला. 2022 मध्ये 120 निरोगी माणसांच्या प्रयोगात काही गटांना दोन आठवडे चार गोड पदार्थांपैकी एकेक देऊन पाहिला. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांत ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत रक्तातली साखर जास्त चढली, ॲस्पार्टेम आणि स्टेव्हिया या वनस्पतीतल्या गोडीच्या गटांत तसं ठळक दिसलं नाही, आणि माणसागणिक फरक मोठा होता. उलट चेन्नईत मधुमेहींनी 12 आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर बिघडली नाही आणि वजन थोडं घटलं. तिथे साखरेचा चमचा खरोखर कमी झाला होता. टपरीवर चहात गोळी टाकून सोबत समोसा घेतला, तर त्या प्रयोगाचा निष्कर्ष आपल्याला लागू होत नाही.

2018च्या त्या नियमाचा जोर पाकिटावर आहे. मिठाईच्या काचेच्या कपाटातल्या सुट्या ताटाला तो विचारायला कुणी जात नाही. ताटात खवा आणि त्यावर हाताने लिहिलेली पाटी: 'शुगर फ्री'.