सीटबेल्ट प्रीटेन्शनरमधील विद्युत दोषांचे निदान

सीटबेल्ट प्रीटेन्शनर म्हणजे गाडीची जोरदार धडक होताच पट्ट्यातला ढिलेपणा क्षणात ओढून घेणारी यंत्रणा. तिच्या वायरिंगमधला आणि जोडण्यांमधला बिघाड कसा शोधतात, याविषयीची ही नोंद आहे. उदाहरणे खानदेशातल्या, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या वापराला धरून दिली आहेत.

पट्ट्याचे रीळ मधल्या खांबाच्या आत असते. काही गाड्यांत ओढणारे नळकांडे बकलच्या बुडाशी बसवतात. नळकांड्यात थोडी स्फोटक दारू आणि तिला खेटून एक बारीक तार असते. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटने तारेतून करंट सोडला की दारू पेटते, वायूच्या दाबाने दट्ट्या सरकतो आणि पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचला जातो. धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांश भागात हे उरकलेले असते. मर्सिडीज-बेंझने १९८१ मध्ये एस-क्लास गाडीत चालकाला एअरबॅग आणि शेजारच्या प्रवाशाला प्रीटेन्शनर अशी जोडी दिली. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली.

गाडी चालू असेपर्यंत कंट्रोल युनिट या तारेची सतत चौकशी करत असते. ते काही मिलिअँपिअरचा इवलासा करंट पाठवून रोध मोजते. तो साधारण २ ओम भरतो. पेटण्यासाठी मात्र साधारण १.२ अँपिअर किंवा अधिक करंट लागतो, म्हणून चौकशीच्या करंटने काही पेटत नाही. हेडलाइटच्या वायरीत एखादा ओम वाढला तर उजेड थोडा मंदावतो, एवढेच. इथे तेवढ्यावर रोध दीडपट होतो, युनिट बिघाडाचा कोड नोंदवते आणि डॅशबोर्डवरची एअरबॅगची लाईट लागून राहते. वायर तुटलेली, दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या, बॉडीला अर्थ झालेल्या किंवा बॅटरीच्या प्लसला लागलेल्या, असे बाकीचे प्रकार. स्कॅनर, म्हणजे हे कोड वाचणारे यंत्र, लावला की यांपैकी कोणता आणि कोणत्या सीटचा, हे कळते. बिघाड आत्ता आहे की येऊन गेला, हेही तो वेगळे दाखवतो.

पट्टा न लावल्याची लाल खूण आणि एअरबॅगची लाईट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली बकलमधल्या स्विचवर चालते. गिऱ्हाईक ‘बेल्टची लाईट जात नाही’ म्हणून गाडी आणते तेव्हा आधी कोणती लाईट ते डोळ्यांनी पाहावे. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

खानदेशात दोषाचा पहिला संशय सीटखालच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर, घ्यावा. बकलकडची वायर तिथून जाते आणि सीट मागे-पुढे होताना तिला रोज झटके बसतात. सीट पूर्ण मागे सारून वाकून पाहिले तर पिवळा कपलर दिसतो. त्याच्या खाचेत काळ्या मातीची बारीक धूळ, कापसाचे तंतू, कधी शेंगेचे टरफल अडकलेले असते. उघडल्यावर चकचकीत असायला हवी ती पिन काळवंडलेली निघते, आणि लॉकची पट्टी अर्धवट वर राहिलेली असते. नवे सीट कव्हर बसवताना कपलर ओढला जातो. कुणी तो परत ढकलतो, पण ‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकलत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा बंद गाडीतले जुने प्लास्टिक कडक होऊन त्याचा दात तुटतो. पावसाळ्यात ओल्या गालिच्याखाली पिना गंजतात. शेतातल्या घराशी किंवा कापसाच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी गालिच्याखालची वायर कुरतडली आहे का, तेही पाहावे लागते.

या कामात सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनचा हातचा टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत वीज आहे का ते पाहायचा बल्ब. १२ व्होल्टवर चालणारा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब १.७५ अँपिअर घेतो. प्रीटेन्शनर पेटायला तेवढा करंट पुरून उरतो. रोध मोजायचा मल्टिमीटरही प्रीटेन्शनरच्या पिनांना थेट लावू नये, अशी उत्पादकांची सक्त सूचना असते. धडकेत बॅटरी तुटली तरी काम व्हावे म्हणून युनिटमध्ये थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो. म्हणून इग्निशन बंद करून बॅटरीचा मायनस काढल्यावरही त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबायचे, आणि मगच पिवळ्या कपलरला हात लावायचा. त्याआधी अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून बॉडीच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवायचे.

पुढची पद्धत साधी आहे. प्रीटेन्शनरचा कपलर काढून वायरिंगच्या बाजूला २ ओमचा रेझिस्टर (तेवढाच रोध देणारा छोटा सुटा भाग) जोडायचा, बॅटरी लावायची, कोड पुन्हा वाचायचा. कोड गेला तर वायरिंग आणि युनिट ठीक आहेत. दोष प्रीटेन्शनरमध्ये किंवा त्याच्या कपलरच्या संपर्कात आहे. म्हणून पिना तपासून, कपलर नीट बसवून पुन्हा पाहिल्याशिवाय महागडा बेल्ट मागवू नये. कोड तसाच राहिला तर बॅटरी पुन्हा काढून, थांबून, वायरिंग दोन्ही टोकांना सोडवायचे आणि मग त्यावर मल्टिमीटर लावायचा.

इथे नवखे फसतात. युनिटकडचा कपलर सोडला की त्याच्या आतली स्प्रिंगची पत्ती दोन्ही वायरी आपोआप जोडून टाकते, म्हणजे चुकून आलेल्या करंटने काही पेटू नये. मीटरवर शॉर्ट दिसतो आणि चांगली वायरिंग बदलली जाते. पत्ती प्लास्टिकच्या चकतीने उचलूनच मोजमाप घ्यायचे.

निदानासाठी वापरायचा हाच रेझिस्टर काही ठिकाणी कायमचा जोडून दिला जातो. युनिटला २ ओम मिळतात, लाईट जाते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघते, आणि धडकेच्या वेळी करंट रेझिस्टरमध्ये जातो. अपघातात एकदा पेटलेल्या प्रीटेन्शनरवर हा उपाय सर्रास सुचवला जातो. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून सीटखालचा कपलर कुणा जाणकाराकडून पाहून घ्यावा. तिथे टेपने गुंडाळलेला रेझिस्टर दिसला, किंवा बकल शेजारच्या सीटपेक्षा खाली ओढलेले असेल, तर त्या गाडीचा अपघात झालेला असण्याची दाट शक्यता आहे. पेटलेला प्रीटेन्शनर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. भंगारातून काढलेल्या बेल्टमध्ये न पेटलेली दारू असू शकते, म्हणून तो खोलणे, कापणे किंवा तापवणे जिवावर बेतू शकते.

दुरुस्तीनंतर कोड पुसून इग्निशन चालू केले की एअरबॅगची लाईट काही सेकंद लागून विझली पाहिजे. मग रिकामी सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवायची, बकल लावून सोडायचे, गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर फिरवून आणायची आणि स्कॅनर पुन्हा लावायचा.