मराठवाड्यातील शॉर्टवेव्ह श्रवणाची पार्श्वभूमी

दूरदेशीची रेडिओ केंद्रे शॉर्टवेव्हवर, म्हणजे आखूड लहरींवर, शोधून ऐकण्याचा छंद मराठवाड्यात मुख्यतः गरजेतून रुजला. निजामाच्या राज्यात हैदराबादबरोबर औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागतीची घोषणा केली तीही रेडिओवरूनच. १९५० मध्ये ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. पुढे औरंगाबादचे केंद्र बंद पडले आणि परभणीचे केंद्र सुरू होईपर्यंत या भागाला जवळचे म्हणावे असे केंद्र उरले नाही. मुंबई, पुणे, नागपूर ही मीडियम वेव्हची केंद्रे दिवसा इथे क्षीण लागत. शॉर्टवेव्हच्या लहरी मात्र आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, म्हणून परभणीच्या श्रोत्याला कोलंबो पुण्याइतकेच, किंबहुना अधिक स्पष्ट लागू शके.

या लहरींचे मोल प्रथम स्वतःचे प्रक्षेपक चालवणाऱ्या हौशी लोकांनीच दाखवून दिले. २०० मीटरहून कमी लांबीच्या लहरी निरुपयोगी समजून त्यांच्यासाठी सोडल्या गेल्या होत्या आणि १९२३ मध्ये त्यांनीच त्यांवरून अटलांटिकपार दुतर्फा संभाषण साधले. १९३२ मध्ये बीबीसीने साम्राज्यासाठी शॉर्टवेव्ह सेवा सुरू केली; १९४१ मध्ये तिथून मराठीही ऐकू येऊ लागली आणि ती सेवा १९५८ पर्यंत टिकली, ही गोष्ट आज फारशी कुणाला ठाऊक नसते.

खरी गर्दी जमवली ती रेडिओ सिलोनने. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जागा उरली नाही, तेव्हा श्रोते सिलोनच्या २५ आणि ४१ मीटर या शॉर्टवेव्ह बँडकडे वळले. त्यावर उतारा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारतीदेखील आरंभी मुंबई व मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरूनच ऐकू येई. घराघरांवर ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल याच काळातली.

गाण्यांसाठी बँड फिरवणाऱ्यांपैकी काही जण मग परक्या केंद्रांकडेच रमले. सिग्नलची ताकद, इतर केंद्रांचा व्यत्यय, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा यांना पाचपैकी गुण देऊन अहवाल पाठवायचा आणि केंद्राकडून पोचपावतीचे क्यूएसएल कार्ड मिळवायचे, हा या छंदाचा गाभा आहे. बातम्या ऐकणे आणि लहरी कशा पोचल्या हे ऐकणे यांतले दुसरे अधिक कठीण, आणि माझ्या मते अधिक मोलाचे. दिवसा १६ व १९ मीटर, रात्री ४१ व ४९ मीटर हे गणित मोसमानुसार आणि सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रानुसार बदलते. वळवाच्या दिवसांत विजांची खरखर सारे झाकून टाकते.

आता केंद्रेच कमी होत चालली आहेत. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये, तर बीबीसी हिंदीने जानेवारी २०२० अखेर शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवले. चार्जर आणि एलईडी दिव्यांचा विद्युत गोंगाट वाढल्यामुळे, उरलेली क्षीण केंद्रे पकडायला भारनियमनाची वेळच सर्वांत सोयीची ठरते.