मऊ कॉन्टॅक्ट लेन्सखालचा अश्रुथर: 11 मायक्रॉन की अडीच?

मे महिन्यात ग्वाल्हेरला लू सुटली की शहराच्या लश्कर भागातल्या नेत्रतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास येते: 'लेन्स डोळ्याला चिकटली.' तपासणारे खालच्या पापणीवर बोट ठेवून तिच्या कडेने लेन्स किंचित वर ढकलतात आणि ती किती चटकन जागेवर येते ते स्लिट लॅम्पमधून, म्हणजे अरुंद प्रकाशपट्टीच्या सूक्ष्मदर्शकातून, पाहतात. सहज सरकली, तर खाली अश्रू खेळताहेत असे धरायचे. रोजच्या कामाला हा अंदाज पुरतो. थर किती जाड, हे मात्र त्यातून कळत नाही.

कडक लेन्सच्या काळात फ्लोरेसीन या चमकत्या रंगाचा थेंब टाकला की खालचा थर हिरवा चमकायचा. मऊ लेन्स हा रंग स्वतःच शोषून पिवळी पडते. म्हणून तिच्यात न शिरणारे, मोठ्या रेणूंचे रंग आणावे लागले. कडक लेन्सखाली दर उघडझापीला 10 ते 20 टक्के अश्रू बदलतात. मऊ लेन्सखाली जेमतेम एक-दोन टक्के, हे 1970 च्या दशकाअखेर स्पष्ट झाले होते.

खरा घोळ जाडीचा. 1999 मध्ये ऑप्टिकल पॅकिमीटरने, म्हणजे प्रकाशाने जाडी मोजणाऱ्या यंत्राने, आकडा आला 11-12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 2003 मध्ये इंटरफेरोमेट्रीने, म्हणजे थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या मेळावरून, तो अडीचच्या आत आला. त्याच वर्षी ओसीटीने, म्हणजे प्रकाशाने थरांचा छेद दाखवणाऱ्या स्कॅनने, दिला साडेचारच्या आसपास. एकाच थराचे तीन आकडे! बुबुळावरचा पारदर्शक पडदा पाचशेहून अधिक मायक्रॉनचा, लेन्स ऐंशी-शंभरची. पॅकिमीटर आणि ओसीटीने इतक्या जाड थरांच्या वजाबाकीतून दोन-चार मायक्रॉन काढायचे, तर मापातली जराशी चूकही उत्तरापेक्षा मोठी ठरते. त्यामुळे मला इंटरफेरोमेट्रीचा आकडा अधिक पटतो. पण तिलाही अडचण आहेच: लेन्स आणि अश्रू यांचे अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) इतके जवळचे, की तिथून परतणारा प्रकाश अगदी क्षीण असतो. नुसत्या डोळ्यावरच्या अश्रुथरालाही पूर्वी 40 मायक्रॉन म्हटले गेले होते. आता तीनच्या आसपास मानतात.

1999 च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल या नव्या मऊ पदार्थाच्या लेन्स आल्या. डोळ्याला लागणारा ऑक्सिजन लेन्समधूनच भरपूर जाऊ लागल्याने त्यासाठी अश्रूंच्या अदलाबदलीवर विसंबायची गरज उरली नाही. लेन्सखाली अडकलेल्या मृत पेशी आणि जंतू बाहेर काढायला मात्र ती अजून लागते, आणि रात्रभर लेन्स घालून झोपणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच.