एक्स-रेत दिसत असतं, बघत कोणी नाही

फ्रॅक्चर म्हटलं की हाडाचे दोन तुकडे आणि मधे काळी रेघ, असंच आपल्याला वाटतं. ठिसूळ झालेल्या मणक्याचं तसं नसतं, तो जागच्या जागी दबतो. वाकून काही उचललं, जोरात शिंक आली, एवढंही पुरतं, आणि दुखलंच तर वयामुळे असेल म्हणून लोक शेकत बसतात. अशा फ्रॅक्चरपैकी जेमतेम एक तृतीयांश वेळेवर लक्षात येतात.

हे बघायला एक्स-रे बाजूने काढलेला हवा. त्यात मणका साधारण चौकोनी दिसतो, त्याची पुढची, मधली आणि मागची उंची बघायची, शेजारच्या मणक्यांशी ताडून. पुढून बसला तर पाचरीचा आकार, मधे खचला तर वरून-खालून खोलगट, सगळाच बसला तर चपटा. १९९३ मध्ये रेडिओलॉजिस्ट जेनंट आणि सहकाऱ्यांनी याची प्रतवारी दिली, ती आजही चालते: उंची २० ते २५ टक्के कमी म्हणजे सौम्य, ४० पर्यंत मध्यम, त्याच्या वर गंभीर.

गंभीरवाला कोणालाही दिसेल हो, घोळ होतो तो सौम्यवाल्यात. किरण जरा तिरके पडले की मणक्याच्या कडा दुहेरी दिसतात, डबा किंचित वरून बघितल्यावर त्याचं तोंड लंबगोल दिसतं ना तसं, आणि चांगला मणकाही खचल्यासारखा वाटतो. शिवाय काहींचे मणके किशोरवयातल्या शॉयरमान आजारामुळे ओळीने पाचरीसारखे झालेले असतात, तेही फ्रॅक्चर नाही. म्हणून अनुभवी रेडिओलॉजिस्ट नुसती उंची मोजत नाहीत, मणक्याची वरची-खालची कड मधे दबलीय का तेही बघतात. छातीच्या मागच्या मणक्यांपैकी चौथ्याच्याही वरचा एखादाच मोडलेला दिसला तर आधी कॅन्सरची शंका घ्यायची, कारण ठिसूळपणाची फ्रॅक्चर सहसा पाठीच्या मधोमध किंवा पाठ-कंबरेच्या सांध्यावर होतात.

माझ्या मते खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला की सगळे फुफ्फुसं बघतात, मागे दबलेला मणका रिपोर्टात येतच नाही. आणि एक मणका मोडला की पुढच्या वर्षभरात साधारण पाचातल्या एका बाईचा आणखी एक मोडतो, औषधं असूनही ती सुरूच झालेली नसतात! आता एआय प्रोग्रॅम असे एक्स-रे चाळून संशयित मणके दाखवतात, पण शेवटी ठरवायचं डॉक्टरांनीच.

फ्रॅक्चर नवं की जुनं हे मात्र एकाच एक्स-रेवरून बऱ्याचदा कळत नाही. जुनी फिल्म असेल तर सोबत न्या, नाहीतर एमआरआय काढावा लागतो, ताज्या फ्रॅक्चरमधली हाडाच्या आतली सूज त्यात दिसते.