तेरचा माल आणि दीपगृहाआधीचे वाटाडे

मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे दीपगृह म्हटलं की तो कोकणातल्या लोकांचा विषय, असं आपण धरून चालतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय बघितलं की हा समज ढिला पडतो. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती भारतीय मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडली आहे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेत तेरचा माल समुद्राकडे जायचा मार्ग सांगितलाय. गुजरातमधल्या भडोच बंदराहून पैठण वीस दिवसांवर, तिथून तगर म्हणजे आपलं तेर आणखी दहा दिवसांवर. (दिशा पूर्व सांगितली आहे, तेर खरं तर आग्नेयेला.) पैठणहून अकीकासारखे खडे आणि तेरहून साधं कापड नि मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई.

खरी गंमत भडोचच्या खाडीत होती. किनारा इतका सखल की नर्मदेचं मुख जवळ गेल्याशिवाय दिसायचं नाही, आणि सापडलं तरी पुढे वाळूचे उथळ पट्टे. भरती तर अशी चढायची, की नांगरलेली गलबतंसुद्धा उलथून जायची. यावर उपाय दिव्याचा नव्हता, माणसांचा होता. राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी गलबतांना दोर लावून आत आणत. भरती लागली की निघायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहात थांबायचं. तेरच्या विणकराचं पोट या अनोळखी कोळ्यांच्या अंदाजावर होतं.

मनोरे जगात तेव्हाही होते. अलेक्झांड्रियाचा तर प्रसिद्धच. पण तेलाच्या दिव्याचा उजेड विखरून जाई. तो एका झोतात गोळा करणारं फ्रेनेलचं भिंग 1823 साली फ्रान्समधल्या कॉर्दुआन दीपगृहात लागलं, आणि दीपगृहांना खरा जोर आला. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. त्याच बेटावर 1867 साली दीपगृह उभं राहिलं. मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्स दीपगृह 1875 चं.

1900 च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे औरंगाबाद, जालन्यावरून धावू लागली. तोवर भडोच कधीच मागे पडलं होतं. मराठवाड्यातल्या रुईच्या गाठी आता मुंबई बंदराकडे निघाल्या. तिथून बाहेर पडणाऱ्या जहाजांना रात्री खडक कुठे आहेत ते प्राँग्सचा दिवा सांगे. त्या खडकांवरून पूर्ण ओहोटीला माणूस चालत दीपगृहापर्यंत जाऊ शकतो.