डेबियन प्रकल्पाचा कारभार

डेबियन ही लिनक्स कर्नल या गाभ्यावर उभी असलेली मुक्त संगणकप्रणाली असून ती घडवणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पालाही हेच नाव आहे. इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागे कंपनी नाही, मालक नाही. मताधिकार असलेले सुमारे हजार डेव्हलपर आणि त्यांनी सांभाळलेली हजारो पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेली सॉफ्टवेअर, एवढाच पसारा. प्रकल्पाची घटना डिसेंबर १९९८मध्ये मंजूर झाली. तिच्यातल्या एका कलमावर बाकी सगळे बेतलेले आहे: प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कोणावरही नाही. अंगावर टाकलेले कामही नाकारता येते; मात्र ठरलेल्या निर्णयाला सुरुंग लावता येत नाही. हुकूम सोडण्याची सोयच नसल्यामुळे इथले बहुतेक नियम काम करणाऱ्याला कोण, केव्हा आणि किती अडवू शकतो एवढेच ठरवतात.

प्रत्येक पॅकेज एका मेंटेनरकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे, किंवा पायथन, पर्ल, रुबी अशा प्रोग्रामिंग भाषांची पॅकेजे सांभाळणाऱ्या एखाद्या गटाकडे असते आणि त्या पॅकेजपुरता शब्द त्यांचाच चालतो. या आपलेपणामुळे दर्जा टिकतो. पण मेंटेनरची नोकरी बदलली, घरी अडचण आली किंवा रस आटला की पॅकेज पडून राहते, आणि ‘मी हे सोडले’ असे जाहीर करायला माणूस कचरतो. स्वयंसेवी प्रकल्पांचे सर्वाधिक नुकसान भांडणांपेक्षा या अबोल गैरहजेरीने होते. त्यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्याने केलेले अपलोड, म्हणजे एनएमयू (नॉन-मेंटेनर अपलोड). आधी बगची, म्हणजे दोषाची, नोंद असावी लागते. दुरुस्तीचा पॅच त्या नोंदीला जोडायचा आणि मग पॅकेज ठरावीक दिवस थांबवून ठेवणाऱ्या ‘डिलेड’ रांगेत टाकायचे. साध्या बगसाठी १० दिवस, महत्त्वाच्या बगसाठी ५. नवी आवृत्ती अडवून धरणारा बग आठवड्याहून जुना असेल तर २, आणि त्या आठवड्यात मेंटेनरची काहीच हालचाल दिसली नाही तर मुळीच थांबायचे नाही. मेंटेनरने हरकत घेतली की चर्चा करायची. बगशी संबंध नसलेली डागडुजी याच अपलोडमध्ये उरकू नये. मने दुखावतात ती हमखास तिथे. पॅकेज कायमचे आपल्याकडे घ्यायचे असल्यास तशी आयटीएस (इंटेंट टू साल्व्हेज, म्हणजे पॅकेज वाचवण्याचा इरादा) नोंद करून २१ दिवस वाट पाहायची आणि नंतर ७ दिवसांच्या रांगेतून अपलोड करायचे.

डेव्हलपर होण्यासाठी शिफारस लागते, आणि ओळख पटवून निदान दोन डेव्हलपरांनी अर्जदाराच्या कूटकिल्लीवर, म्हणजे त्याची ओळख सिद्ध करणाऱ्या डिजिटल किल्लीवर, सही केलेली असावी लागते. पुढे प्रकल्पाची तत्त्वे, कार्यपद्धती आणि कौशल्य यांची तपासणी होते. पॅकेज न बनवणाऱ्या अनुवादकांना आणि दस्तऐवज लिहिणाऱ्यांनाही २०१०च्या ठरावापासून मतासह पूर्ण सदस्यत्व मिळू लागले. हे फार आधी व्हायला हवे होते.

प्रकल्पप्रमुख दर वर्षी निवडला जातो: एक आठवडा उमेदवारी, तीन आठवडे प्रचार, दोन आठवडे मतदान. त्याचा मुख्य अधिकार म्हणजे ठरावीक कामांसाठी प्रतिनिधी नेमणे. प्रतिनिधीला तो बदलू शकतो, पण प्रतिनिधीने घेतलेला निर्णय फिरवू शकत नाही. डेबियन स्वतः कायदेशीर संस्था नसल्याने पैसा आणि मालमत्ता ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’सारख्या संस्थांकडे असते. २००६मध्ये ‘डंक-टँक’ या उपक्रमातून आवृत्तीची जबाबदारी असलेल्या दोघांना मोबदला देण्यात आला, तेव्हा विनामोबदला राबणारे अनेक जण दुखावले. डिसेंबरमध्ये अपेक्षित असलेली आवृत्ती एप्रिल २००७मध्ये आली.

सर्व डेव्हलपरांच्या मतदानाने होणाऱ्या सामान्य ठरावाचे गणित डेव्हलपरांच्या संख्येवर चालते. हजार डेव्हलपर धरले तर त्याच्या वर्गमूळाचे निम्मे म्हणजे सुमारे १५.८, आणि गणसंख्या त्याच्या तिप्पट, ४७.४. ठराव मांडायला पाच अनुमोदक पुरतात. मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतात आणि मोजणी कोंदोर्से पद्धतीने, दोन-दोन पर्यायांची जोडी लावून होते. प्रमुखाच्या निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हाही पर्याय असतो. आपल्याकडे लोकसभेला नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो; इथे मात्र किमान ४८ मतदारांनी ज्याला या पर्यायाच्या वर ठेवलेले नाही, किंवा जो त्याच्याशी थेट लढतीत हरतो, तो बाद होतो. घटनादुरुस्तीला तिप्पट बहुमत, म्हणजे एका विरोधी मतामागे तीन बाजूची मते, लागते.

दोन मेंटेनरांचे जमेनासे झाले की प्रकरण तांत्रिक समितीकडे जाते. तिच्यात जास्तीत जास्त आठ जण असतात आणि डेव्हलपरचा निर्णय रद्द करायला तिलाही तिप्पट बहुमत हवे. समितीची खरी परीक्षा २०१४च्या फेब्रुवारीत झाली. प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम सिस्टमडी असावा की अपस्टार्ट, यावर आठ जणांची मते चार-चार अशी विभागली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरले. वाद तिथे मिटला नाही. नोव्हेंबरमध्ये सर्व डेव्हलपरांसाठी मतदान झाले, त्यात ‘ठरावाची गरज नाही’ हाच पर्याय जिंकला. त्याच महिन्यात समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले आणि नाराज मंडळींनी देवुआन या सिस्टमडीविना चालणाऱ्या प्रणालीची वेगळी चूल मांडली. पुढच्या काही आठवड्यांतच समिती-सदस्यांच्या कार्यकाळाला मर्यादा आली. डिसेंबर २०१९च्या मतदानात सिस्टमडीला प्राधान्य देऊनही इतर पर्यायांना वाव ठेवला गेला. सिस्टमडीच्या आधी हेच काम करणारे जुने सिसव्हीइनिट डेबियन १३मध्येही आहे, कारण ते सांभाळायला माणसे पुढे आली.