कृत्रिम पायाचे सॉकेट

पाय कापल्यानंतर उरलेला भाग, म्हणजे खुंट, कृत्रिम पायाच्या ज्या कवचात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. अंगाचा सगळा भार इथूनच खाली उतरतो. कृत्रिम पाऊल कितीही उत्तम असो, सॉकेट टोचू लागले की माणूस पाय काढूनच ठेवतो. म्हणून पाय निवडताना पहिला विचार सॉकेटचाच व्हायला हवा.

तळपायाची कातडी भार सोसायला घडलेली असते, खुंटाची नसते. आत मऊ गादी घातली की भागेल असे वाटते. पण खरा प्रश्न दाब कुठे द्यायचा हा असतो. गुडघ्याखालच्या खुंटात वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा, आणि नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू दाब सहन करतात. नडगीची धार, तिचे कापलेले टोक आणि बाहेरच्या बारीक हाडाचा माथा यांना तो सोसत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कंडरेवर भार घेणारी रचना याच विचारातून झाली. पुढे सिलिकॉनचे लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत खुंटावर चढवायचे मऊ आवरण, आले आणि भार खुंटाच्या सगळ्या पृष्ठभागावर वाटून देण्याची पद्धत रुळली.

खुंटाभोवती प्लॅस्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतात आणि त्यात प्लॅस्टर ओतून खुंटाची प्रतिकृती करतात. जिथे भार हवा तिथे ती खरवडायची, जिथे नको तिथे थर चढवायचा. कारागिराचा हात इथेच दिसतो. हल्ली हेच काम स्कॅन करून संगणकावरही होते. पक्के सॉकेट करण्यापूर्वी पारदर्शक प्लॅस्टिकचे चाचणी सॉकेट घालून उभे करतात. दाब जास्त पडतो तिथली कातडी पांढरी पडलेली बाहेरून दिसते.

एवढे करूनही माप कायम राहत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत खुंट झपाट्याने आटतो आणि एरवीही दिवसभरात थोडा बारीक होतो. मग तो खोल रुततो आणि हाडाचे टोक तळाला टेकते. अशा वेळी जादा मोजा चढवतात. काही सॉकेटना आवळता-सैल करता येणारे भागही असतात. घामाने लायनर निसटणे ही वेगळीच डोकेदुखी.

सॉकेट काढल्यावर दिसणारी लाली थोड्या वेळात ओसरली नाही, तर ते दुरुस्त करून घ्यावे. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांना जखम होऊनही दुखत नाही. त्यांनी खुंट रोज आरशात पाहणे अत्यावश्यक आहे.